माऊलींचे वडील विठ्ठलपंत



आपल्या दिंडीला शंभर वर्षं झाली, त्याचं पुस्तक निघतंय, तर बुवा तुम्हीपण चार पानं लिहा, असं मंडळींनी सांगितलं. मी चौथी शिकलेला माणूस. हातात पेनापेक्षा खुरपं जास्त राहिलेलं. कीर्तनाला उभं राहिलं की तोंडातून येतं, कागदावर उतरायला वेळ लागतो. तेव्हा कुठं मागंपुढं झालं तर सांभाळून घ्यावं.

माऊलींवर लिहा असं सगळ्यांचं म्हणणं होतं. पण माऊलींवर या पुस्तकात आणखी चौघं-पाचजण लिहिणार आहेत आणि ते शिकलेले आहेत. मी माऊलींच्या वडलांवर लिहितो. विठ्ठलपंतांवर आपण कीर्तनात किती बोलतो? पाच-दहा मिनिटं, तीसुद्धा माऊलींच्या जन्मापर्यंत पोचायचं म्हणून. जन्म झाला की श्रोते ताजे होतात, मग तिथून थेट पैठणचा रेडा. मधल्या वर्षांवरनं आपण उडी मारतो. मीही चाळीस वर्षं मारली. का मारली ते पुढं येईल.

आपेगाव हे गाव पैठणपासून जवळ, गोदावरीच्या काठावर. तिथलं कुलकर्णीपण या घराण्याकडं होतं, म्हंजे गावचा हिशेब, जमिनीची नोंद, साऱ्याचं लिहिणं यांच्या हातात. विठ्ठलपंतांचे आजोबा त्र्यंबकपंत, वडील गोविंदपंत, आई नीराबाई. गोविंदपंतांवर गहिनीनाथांची कृपा होती असं परंपरा सांगते. तो नाथांचा धागा ध्यानात ठेवा, पुढं नातवापाशी परत लागतो. घर खाऊनपिऊन सुखी, पण या पोराचं मन हिशेबात रमेना. शास्त्र शिकला, वेद शिकला आणि तीर्थयात्रेला निघून गेला.

फिरत फिरत विठ्ठलपंत आळंदीला आले. इंद्रायणीचं स्नान केलं, सिद्धेश्वराच्या देवळात उतरले. आळंदीचे कुलकर्णी सिधोपंत तिथं येत. त्यांनी हा मुलगा बघितला, घरी जेवायला नेला आणि आपली मुलगी रुक्मिणी त्याला दिली. दोघांनाही देवाचा दृष्टांत झाला असं कथेत आहे. लग्न झालं, पंढरीची यात्रा झाली, मग आपेगावला संसार. पुढं आई-वडील गेले. जावयाचं चित्त घरात नाही हे बघून सिधोपंतांनी दोघांनाही आळंदीला आणलं. पोटी लेकरू नाही. विठ्ठलपंतांच्या मनात काशी आणि संन्यास हे दोनच.

आता इथं मला स्पष्ट लिहिलं पाहिजे. बायको घरात असताना, तिला लेकरूबाळ नसताना, तिची संमती नसताना संन्यास घेता येत नाही. विठ्ठलपंतांनी रुक्मिणीमातेकडं विचारलं होतं, एकदा नाही, पुष्कळदा. ती नाही म्हणायची. शेवटी एक दिवस ती दुसऱ्याच नादात असताना गंगेला जाऊ का असं विचारलं आणि तिच्या तोंडून जा असं निघून गेलं. नदीवर आंघोळीला चाललेत असंच तिला वाटलं असणार. त्या एका शब्दावर हे काशीला गेले आणि मला मागंपुढं कुणी नाही असं गुरूला सांगितलं. गुरूंचं नाव कुणी रामानंद सांगतात, कुणी श्रीपादस्वामी. त्यांनी भरवसा ठेवला, संन्यास दिला, नाव चैतन्याश्रम ठेवलं.

म्हंजे विठ्ठलपंत चुकले. मी त्यांना झाकून घेत नाही. कीर्तनकार लोक इथं गडबडीनं पुढं जातात, कारण माऊलींच्या वडलांना खोटं बोलले म्हणायला जीभ वळत नाही. पण चूक कुणाची आणि कुणाशी झाली ते नीट धरलं नाही तर पुढचा अन्याय किती मोठा, तेही कळत नाही. चूक झाली ती दोघांशी, एक रुक्मिणीमाता आणि दुसरे गुरू.

रुक्मिणीमातेनं काय केलं? रडून बसली नाही आणि माहेरच्या ओसरीवर गाऱ्हाणं घालत बसली नाही. इंद्रायणीचं स्नान, एक वेळ जेवण आणि सिद्धेश्वरापुढच्या पिंपळाला प्रदक्षिणा. तो सुवर्णपिंपळ आपण सगळ्यांनी बघितलाय, अजून बायका तिथं फेऱ्या घालतात. वर्षामागून वर्ष गेलं. मग काशीचे तेच स्वामी रामेश्वराला निघाले आणि वाटेत आळंदीला उतरले. ही पाया पडली. स्वामींनी पुत्रवती होण्याचा आशीर्वाद दिला. ती हसली. का हसली असं विचारल्यावर नवरा काशीला संन्यासी झाल्याचं तिनं सांगितलं. नाव, गाव, वय, रूप यांची खूण पटली आणि स्वामी जाग्यावर बसले. रामेश्वर राहिलं बाजूला. उलटे काशीला गेले, चैतन्याश्रमाला समोर घेतलं आणि घरी जाऊन संसार करायची आज्ञा केली.

विठ्ठलपंत परत आले. ज्या बायकोला फसवून गेला तिच्या समोर परत उभं राहायचं, सगळ्या गावादेखत, भगवे उतरवून. याला काय लागत असेल ते ज्याचं त्यानं विचार करावं. मला तर काशीला जाण्यापेक्षा परत येणं अवघड वाटतं. रुक्मिणीमातेनं घरात घेतलं. गुरूनं माफ केलंच होतं. ज्या दोघांशी चूक झाली त्या दोघांनी पदरात घेतलं, मग बाकी राहिलं कुणाचं देणं?

आळंदीच्या ब्रह्मवृंदाला ते पटलं नाही. तो काळ देवगिरीच्या यादवांचा. रामदेवराव राज्यावर, त्यांच्याकडं हेमाद्रीपंडित, ज्यांनी व्रतं, दानं, तीर्थं यांचा मोठा ग्रंथ रचला. नियमाला फार भाव होता. संन्यास घेऊन जो परत संसारात आला तो आरूढपतित. तो ब्रह्मचारी नाही, गृहस्थ नाही, वानप्रस्थ नाही, संन्यासी नाही. चार आश्रमांत त्याला खानाच नाही. हिशेबात ज्याला खाना नाही त्याला वहीच्या बाहेर ठेवायचं. कुलकर्ण्याचं पोरगं वहीच्या बाहेर गेलं.

वाळीत टाकलं म्हंजे काय, हे आताच्या तरुण पोरांना सांगावं लागतं. त्या काळी काडेपेटी नव्हती. चूल विझली तर शेजारच्या घरातनं इस्तू आणायचा. तो कुणी देणार नाही. पाणवठ्यावर भांडं लावायचं नाही. सणाला बोलावणं नाही, मयताला खांदा नाही. लेकराला ताप आला तरी उंबऱ्यावर कुणी येणार नाही. शेतकऱ्याला विचारा, सावड बंद झाली, इर्जिकीला कुणी आलं नाही तर रान पडीकच राहतं. गावाबाहेर इंद्रायणीच्या काठी सिद्धबेट आहे, तिथं हे दोघं झोपडी घालून राहिले. विठ्ठलपंत भिक्षेला निघत. मिळाली तर मिळाली, नाहीतर झाडपाला आणि पाणी. गावातली माणसं त्यांचं तोंड बघायला नको म्हणून वाट बदलत.

आज कायदा आहे. सामाजिक बहिष्काराविरुद्ध आपल्या महाराष्ट्रानं २०१६ चा कायदा केला, ३ जुलै २०१७ पासून लागू झाला, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड त्यात आहे. चांगलं आहे. पण पंगतीत पान न वाढणं पोलिसाला दाखवता येतं, बोलणं बंद करणं कसं दाखवायचं?

आता मी उडी का मारत होतो ते लिहितो. मी बाविसेक वर्षांचा असेन. आपल्याच दिंडीची गोष्ट आहे, बाहेरची नाही. आपल्यात एक टाळकरी होते. आवाज खडा, वारी कधी चुकवलेली नाही. नाव लिहीत नाही, जुन्या लोकांना कळेल. जेजुरीच्या पुढं मुक्काम होता. कुणीतरी येऊन सांगितलं की हे दारूच्या गुत्त्यातनं बाहेर पडताना दिसले. रात्री राहुटीत मोठी माणसं बसली. ते एवढंच म्हणाले की गावातला एक पोरगा तिथं बसला होता, त्याला आणायला गेलो होतो. कोण पोरगा, ते सांगेनात. मग त्यांच्या हातातला टाळ काढून घेतला आणि पंगतीला बसायचं नाही असं ठरलं. तो पोरगा माझ्या भावकीतला होता. त्याला धरून आणताना मी डोळ्यानं बघितलं होतं. त्याचं लग्न ठरत होतं. मी राहुटीच्या कडेला बसलो होतो आणि तोंड उघडलं नाही.

ते गृहस्थ त्यानंतरही दरवर्षी चालले. आपल्या दिंडीच्या मागं शंभर पावलं, टाळ नाही म्हणून हातानं टाळी वाजवत. नीरा स्नानाला आमच्या खालच्या अंगाला उतरत. भिशीच्या यादीत नाव नाही म्हणून दशमी बांधून आणत. असे वीस-एकवीस वर्षं. त्यांचा मुलगा वारीला कधी आला नाही, अजून येत नाही. मी पुढं कीर्तनकार झालो, लोक पाया पडायला लागले आणि विठ्ठलपंतांचं वाळीत पडणं आलं की मी पटकन रेड्यावर जायला लागलो.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या घरी गेलो. ते तर केव्हाच गेलेत. त्यांच्या मालकिणीपुढं बसून सगळं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. मालकांनी त्याच वर्षी घरी आल्यावर सांगितलं होतं आणि पोराचं लग्न होईपर्यंत कुठं बोलू नको म्हणून बजावलं होतं. लग्न झालं, मग बोलायचं राहूनच गेलं. बाईंनी चहा केला. मला तो पिता येईना, पण टाकून येणंही बरं दिसेना, म्हणून प्यालो. या पुस्तकाच्या शेवटी दिंडीतल्या दिवंगत वारकऱ्यांची यादी आहे. त्यात त्यांचं नाव टाळकरी म्हणून घ्यावं असं मी मंडळींना सांगितलंय. मालकिणीला विचारलं, त्या हो म्हणाल्या.

असो. चार लेकरं झाली. परंपरेनं सांगतात त्याप्रमाणं निवृत्तिनाथ १२७३, माऊली १२७५, सोपानदेव १२७७ आणि मुक्ताई १२७९ साली. विठ्ठलपंतांनी त्यांना घरीच शिकवलं. माऊलींचं संस्कृत, वेदांत, गीता हे सगळं कुठून आलं असं लोक विचारतात. गावातल्या पाठशाळेत तर यांना कुणी उभं केलं नसतं. बापच पंतोजी झाला. सबंध गावानं तोंड फिरवल्यावर माणसाला लेकरांशी बोलायला वेळ पुष्कळ मिळतो. माझ्या मते ज्ञानेश्वरीचं आळं त्या झोपडीत झालं, वाफसा पुढं नेवाशाला आला.

मग निवृत्ती मुंजीच्या वयाचे झाले. इथं विठ्ठलपंतांचा धीर सुटायला लागला. स्वतःचं काहीही सोसलं असतं. पण संन्याशाची पोरं म्हणून लेकरांना हिणवायला लागले. मुंज नाही म्हंजे वेदाचा अधिकार नाही, पुढं लग्न नाही, कुणाच्या ओळीत बसणं नाही. लेकरांनी काय केलं होतं? लेकरांचा गुन्हा एवढाच की ती जन्माला आली.

मन घट्ट करायला ते सगळ्यांना घेऊन त्र्यंबकेश्वराला गेले. ब्रह्मगिरीला रोज रात्री प्रदक्षिणा. एका रात्री वाट अडवून वाघ उभा राहिला. पळापळ झाली, निवृत्तिनाथ चुकले आणि एका गुहेत शिरले. तिथं गहिनीनाथ बसले होते. आजोबांवर कृपा करणारे तेच. काही दिवसांनी निवृत्तिनाथ परत आले तेव्हा वेगळे होऊन आले आणि तोच उपदेश त्यांनी धाकट्या भावाला, ज्ञानदेवांना दिला. माझ्या मनात एक येतं. आळंदीनं मुंज लावली असती तर हे त्र्यंबकला गेलेच नसते. पण असं बोलायची मला भीती वाटते, कारण मग कुणीतरी म्हणणार की वाळीत टाकलं तेच बरं झालं. ते मी म्हणू देणार नाही. देवानं खडकातनं झरा काढला म्हणून खडक मारणाऱ्याचे आभार मानायचे नसतात.

आळंदीला परत आल्यावर विठ्ठलपंतांनी ब्रह्मवृंदापुढं लोटांगण घातलं. मला काय ती शिक्षा द्या, लेकरांना पावन करून घ्या. त्यांनी ग्रंथ काढले. पोथ्या बघितल्या. आरूढपतिताला देहांत प्रायश्चित्त, दुसरं काही नाही, असं सांगितलं. म्हंजे जीव द्यायचा. कुणी तलवार उचलली नाही, कुणी धोंडा मारला नाही. पान उलटलं आणि वाचून दाखवलं. सगळी शास्त्राची माणसं होती, त्यांतल्या एखाद्याला आतून वाईट वाटलंच असेल. पण बैठकीत बोललं कोण? मी राहुटीत बोललो होतो का?

लेकरं झोपली असताना विठ्ठलपंत उठले. रुक्मिणीमाता जागीच होती. एकदा तिला सोडून गेले होते, या खेपेला ती बरोबर निघाली. थोरल्याला मिसरूड फुटलेलं नाही, धाकटी मुक्ता तर अगदी लहान. त्यांच्या अंगावर पांघरूण ओढलं असेल, आणखी काय करणार. दोघं प्रयागला गेले आणि गंगा-यमुनेच्या संगमात देह सोडले. आपल्या परंपरेत हे असंच सांगतात. बायाबापड्या माऊलींच्या नावानं रडतात, मला इथं रडू येतं.

आणि एवढं करूनही लेकरांना पावन करून घेतलं नाही. बापानं जीव दिला, आईनं दिला, तरी आळंदीनं पैठणच्या ब्रह्मवृंदाचं शुद्धिपत्र मागितलं. मग ती चारही लेकरं पायी पैठणला गेली. तिथलं रेड्याचं तुम्हाला पाठ आहे, मी सांगत नाही. पैठणकर नमले. पण निर्णय काय झाला, तो कुणी सांगत नाही. मुंजीला मान्यता नाही. तुम्हाला शास्त्रात प्रायश्चित्त नाही, अनन्य भक्ती करा, सगळ्या भूतमात्राला नमस्कार करा आणि ब्रह्मचर्यानं राहा, एवढंच. लेकरांनी ते आनंदानं घेतलं, ते त्यांचं मोठेपण. पण शेतकऱ्याच्या डोक्यात दुसराच हिशेब येतो. चौघांपैकी कुणाचंही लग्न झालं नाही. त्र्यंबकपंतांचं, गोविंदपंतांचं, विठ्ठलपंतांचं घर तिथं संपलं. आपेगावच्या त्या कुलकर्ण्याच्या घरात परत पाळणा हलला नाही.

पुढचं थोडक्यात. नेवाशाला १२९० साली ज्ञानेश्वरी झाली. परत आळंदीला आल्यावरही सगळे गोड झाले असं नाही. विसोबा चाटी यांनी मांडे भाजायला खापरसुद्धा मिळू दिलं नाही आणि माऊलींच्या पाठीवर मुक्ताईनं मांडे भाजले. तेच विसोबा पुढं शरण आले, तेच खेचर होऊन नामदेवरायांचे गुरू झाले असं आपल्यात मानतात. लोकांच्या बोलण्यानं माऊलीसुद्धा एकदा ताटी लावून आत बसले. माऊली असले तरी ते त्या वेळी पोरच होते आणि आई-बाप नसलेलं पोर होते. बहिणीनं काढलं बाहेर. १२९६ च्या कार्तिक वद्य त्रयोदशीला समाधी घेतली. त्यामागोमाग सात-आठ महिन्यांत सोपानकाका सासवडला, मग मुक्ताई, मग निवृत्तिनाथ त्र्यंबकला. जणू ज्या कामाला आले ते झालं आणि उठून गेले.

ज्ञानेश्वरीच्या नऊ हजार ओव्या आहेत. मी पारायणं किती केली ते मोजलं नाही. त्यात आळंदीकरांविषयी एक वाकडा शब्द नाही. शेवटी देवाकडं मागितलं तेही दुष्टांचा नाश व्हावा असं नाही, त्यांचा दुष्टपणा जावा आणि सगळ्यांचं एकमेकांत मैत्र व्हावं असं. ज्याच्या आई-बापाला पोथी वाचून मारलं त्यानं हे मागितलं. मला अजून ते पुरतं झेपलेलं नाही. कीर्तनात मी ते सांगतो, पण घरी येऊन पडलं की भावकीतल्या बांधाची भांडणं आठवतात.

नामदेवरायांनी या सगळ्या हकिकतीचे अभंग करून ठेवले, पुढं महिपतीबुवांनी भक्तविजयात घेतलं, म्हणून आपल्यापर्यंत आलं. नामदेवराय तर माऊलींबरोबर तीर्थाला हिंडलेले. त्यांनी ते वाळीत टाकणं लपवलं नाही, म्हणून मीही लिहितोय.

यंदा प्रस्थानाला आळंदीला जाल तेव्हा दर्शनबारीतनं बाहेर पडल्यावर सिद्धबेटाकडं जाऊन या. गावापासून लांब नाही. पायी जायला अवघड नाही, म्हाताऱ्या माणसानं काठी घ्यावी. इंद्रायणीच्या पाण्याला हल्ली फेस येतो, आंघोळ करू नये, नुसता हात जोडावा. मागल्या वर्षी मी तिथं गेलो, तासभर बसलो. एक बाई आपल्या नातवाला घेऊन आली होती, इथं कोण राहत होतं असं पोरगं विचारत होतं, आणि ती त्याला माऊली राहत होते म्हणून सांगत होती. मी म्हटलं, बाळा, माऊलींचे आई-वडीलपण राहत होते. त्यानं विचारलं, मग गावात का नव्हते राहत? त्याला सांगता सांगता पालखीची वेळ झाली.